इनपुट ७ म्हणजे कोण?

शास्त्रीय गायनाची साधी बैठक ध्वनिमुद्रित करायची म्हटली तरी आठ माइक सहज लागतात. गायकापुढे एक, तबल्यावर एक, डग्ग्यावर एक, हार्मोनियमला एक, दोन तानपुऱ्यांना दोन, मागे बसून साथ करणाऱ्या शिष्येला एक आणि सभागृहात घुमणारा एकूण नाद टिपायला एक. या आठही माइकच्या वायरी ज्या यंत्रात येऊन मिळतात त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. बोलताना आपल्याकडे त्याला सरसकट साउंड कार्डच म्हटले जाते. माइकमधून येणाऱ्या विजेच्या चढउतारांचे आकडे करून ते संगणकाकडे पाठवायचे, हे त्या यंत्राचे काम. संगणकावर प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक किंवा रीपर असे एखादे सॉफ्टवेअर चालू असते. त्यात प्रत्येक आवाजासाठी एक आडवा पट्टा, म्हणजे ट्रॅक, उघडायचा आणि त्या ट्रॅकवर कुठला आवाज घ्यायचा ते सांगायचे. हे सांगण्यासाठी जी यादी उघडते तिच्यात गायक नसतो, डग्गा नसतो, तानपुराही नसतो. तिच्यात इनपुट १, इनपुट २, इनपुट ३ अशी थेट इनपुट २० पर्यंतची रांग असते. त्यातल्या सातव्यावर कोण आहे हे ज्याने वायरी जोडल्या त्यालाच ठाऊक, आणि तेही घाईत त्याच्या लक्षात राहिले असेल तर.

ही तक्रार ऐकायला किरकोळ वाटते. आकड्यांच्या जागी नावे हवीत, एवढेच ना, असे कोणीही म्हणेल. पण ध्वनिमुद्रणातल्या कितीतरी चुका नेमक्या या ठिकाणी जन्म घेतात: डग्ग्याच्या ट्रॅकवर तानपुरा उतरतो, चांगला माइक लावलेला असूनही लॅपटॉपच्या अंगच्या माइकचा आवाज नोंदला जातो, दोन ट्रॅकवर एकच आवाज येतो आणि तिसरा कुठेच नसतो. यातली एखादी चूक कार्यक्रम संपल्यावर लक्षात आली तर ती दुरुस्त होत नाही, कारण ती मैफल पुन्हा होणार नसते. कुठला माइक कुठल्या खाचेत लावला आहे ही माहिती संगणकाला आपणहून कळू शकत नाही. ती फक्त माणसाकडे असते. म्हणून सॉफ्टवेअरने ती माणसाला विचारली पाहिजे, एकदाच विचारली पाहिजे आणि जिथे जिथे निवड करायची वेळ येते तिथे तिथे ती समोर ठेवली पाहिजे. आजची बहुतेक सॉफ्टवेअरे ती विचारतच नाहीत, किंवा विचारतात ती आडबाजूच्या एखाद्या खिडकीत, आणि मग दिलेली नावे तिथेच पडून राहतात. याचे कारण निष्काळजीपणा एवढेच नाही. इनपुट या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत आणि त्या तिन्हींची जबाबदारी तीन वेगळ्या पक्षांकडे आहे, हे खरे दुखणे आहे.

संगणक येण्याआधी हा प्रश्न जवळजवळ सुटलेला होता. अँपेक्स कंपनीने लेस पॉलसाठी आठ ट्रॅकचे टेप यंत्र १९५७ साली बनवले; लंडनच्या अॅबे रोड स्टुडिओत बीटल्सची गाणी १९६३ मध्ये चार ट्रॅकवर नोंदली जाऊ लागली; सत्तरच्या दशकात दोन इंच रुंदीच्या टेपवर चोवीस ट्रॅक ही मोठ्या स्टुडिओंतली रीत झाली. ट्रॅक वाढले तसे ते ओळखण्याचे साधनही रुळले. मिक्सरच्या सरकत्या खटक्यांखाली पांढरी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर मार्करने प्रत्येकाचे नाव लिहायचे. टेपच्या खोक्यात एक छापील तक्ता ठेवलेला असे; कुठल्या ट्रॅकवर काय आहे ते त्यात भरत आणि टेप दुसऱ्या स्टुडिओत गेली की तक्ताही तिच्याबरोबर जाई. या पद्धतीत नाव आणि वस्तू एकाच जागी होती. गायकाची वायर जिथे संपते त्याच्याच खाली गायकाचे नाव. काम संपले की पट्टी ओढून काढायची, दुसऱ्या दिवशी नवी लावायची. आजच्या डिजिटल मिक्सरांनी ही सोय जशीच्या तशी उचलली; त्यांतल्या अनेकांच्या प्रत्येक खटक्यावर नाव दाखवणारा छोटा पडदा असतो. थेट कार्यक्रमांचे ध्वनिसंयोजक तर आधी कागदावर इनपुटची यादी बनवल्याशिवाय एकही वायर ओढत नाहीत. संगणकावर मात्र पट्टी चिकटवायला जागाच उरली नाही, कारण तिथे वायर जिथे संपते ती जागा आणि आवाज जिथे दिसतो ती जागा यांच्यात मोठी साखळी आली.

ती साखळी समजून घेतली की आकड्यांची रांग कुठून येते ते कळते. इंटरफेसच्या पुढच्या बाजूला खाच असते आणि तिच्यावर १ किंवा २ छापलेले असते. आत ती खाच एका वाहिनीला जोडलेली असते. संगणकात ड्रायव्हर नावाचा मध्यस्थ कार्यक्रम त्या वाहिन्या मोजतो आणि सॉफ्टवेअरला सांगतो, माझ्याकडे एवढ्या आहेत. विंडोजवर हे सांगणे बहुधा एएसआयओ या पद्धतीने होते. ती क्यूबेसवाल्या स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली आणली. या पद्धतीत प्रत्येक वाहिनीबरोबर तिचे नाव पाठवण्याची सोय पहिल्यापासून आहे. त्यासाठी ३२ बाइट राखलेले आहेत आणि शेवटचा बाइट नाव संपल्याची खूण करण्यात जातो, म्हणजे हाती ३१ उरतात. रोमन लिपीत ही जागा पुरते, कारण तिथे एका अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरी मजकूर आज सर्रास ज्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवला जातो तिच्यात प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा आणि पाय मोडण्याची खूणही धरून, तीन बाइट लागतात. 'हार्मोनियम' या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. तेवढ्यातच जागा संपली. 'हार्मोनियम जवळचा' लिहायचे ठरवले तर ते मावणार नाही. अर्थात हे नाव वापरणाऱ्याने लिहायचे नसून ड्रायव्हर बनवणाऱ्याने लिहायचे असते, आणि तो लिहितो 'अॅनालॉग १' किंवा नुसतेच 'इनपुट १'. त्याला तरी दुसरे काय माहीत असणार? त्या खाचेत नाशिकच्या घरात हार्मोनियम येणार आहे की कोल्हापूरच्या स्टुडिओत ढोलकी, हे कारखान्यात कळत नाही.

यूएसबीवरून आवाज नेण्याचे पहिले प्रमाण १९९८ साली ठरले. त्यातही वाहिन्यांची नावे कळवण्यासाठी स्वतंत्र जागा ठेवलेली आहे, पण त्याच प्रमाणाची वाहिन्यांकडे पाहण्याची मूळ दृष्टी लाउडस्पीकरची आहे. वाहिनी म्हणजे पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचा डावा अशा ठरलेल्या जागांपैकी एक, असे ते गृहीत धरते आणि या यादीत न बसणाऱ्या वाहिन्यांना निराळे नाव देण्याची मुभा देते. घरात सिनेमा पाहणाऱ्याला हे चालते. आठ माइक लावून बसलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र त्यातला एकही माइक पुढचा डावा नसतो. विंडोजच्या जुन्या ध्वनिप्रणालीत, म्हणजे एमएमईत, यंत्राच्या नावालाही ३१ अक्षरांचीच मर्यादा आहे. तिथे नावाची सुरुवात इंग्रजी 'मायक्रोफोन' हा शब्द, मोकळी जागा आणि कंस यांनी होते आणि त्यातच १२ अक्षरे खर्ची पडतात; यंत्राच्या खऱ्या नावाला १९ उरतात. ऑडॅसिटीसारखे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर वापरणाऱ्यांना यादीत शेपूट तुटलेली नावे दिसतात ती यामुळे. एकाच कंपनीची दोन यंत्रे जोडली असतील आणि त्यांच्या नावांतला फरक शेवटच्या शब्दात असेल, तर यादीत दोन्ही सारखीच दिसतात.

नावे तुटकी असली तरी आकडा पक्का आहे ना, असे म्हणावे, तर आकडाही पक्का नाही. स्टुडिओतल्या इंटरफेसना बऱ्याचदा एडॅट नावाची प्रकाशीय जोडणी असते. तिच्या एका केबलमधून सेकंदाला ४८,००० नमुने घेताना आठ वाहिन्या जातात. तोच वेग ९६,००० केला की केबलची क्षमता वाटली जाऊन वाहिन्या चारच उरतात. आता आठ माइकच्या, दोन डिजिटल, आठ एडॅटच्या आणि शेवटी संगणकाचा स्वतःचा आवाज परत घेणाऱ्या दोन, अशा वीस वाहिन्यांचे यंत्र घ्या. वेग दुप्पट झाला की मधल्या चार वाहिन्या गळतात आणि ज्यांचा ड्रायव्हर उरलेल्या वाहिन्या सलग मोजतो त्या यंत्रांत एकोणिसावी वाहिनी पंधरावी होते. वायर हलली नाही, खाच बदलली नाही, तरी आकडा बदलला. त्यात प्रोग्रामर शून्यापासून मोजतात आणि वादक एकापासून. मिडीच्या १९८३ सालच्या प्रमाणात हा गोंधळ आजही दिसतो: संगणकातून जाणाऱ्या संदेशात वाहिन्या ० ते १५ असतात आणि पडद्यावर त्या १ ते १६ दाखवल्या जातात. शिवाय जोडीचा प्रश्न आहे. तीच पहिली आणि दुसरी वाहिनी यादीत एकदा एकेकटी येते आणि एकदा '१-२' अशी जोडीने. नवख्या माणसाला या तीन निराळ्या वस्तू वाटतात, तो जोडी निवडतो आणि मग गायकाचा आवाज डाव्या कानात तर तबला उजव्या कानात अडकून बसतो.

म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. यंत्रावरची खाच ही एक. ती धातूची आहे, तिच्यावर छापील खूण आहे आणि यंत्र बदलेपर्यंत ती बदलत नाही. संगणकाने मोजलेली वाहिनी ही दुसरी. ती ड्रायव्हरवर आणि वेगावर अवलंबून असते. आणि त्या क्षणी तिथून येणारा आवाज ही तिसरी. ती आज हार्मोनियम, उद्या बासरी. पहिलीचे नाव यंत्र बनवणाऱ्याने सांगायला हवे, दुसरी सॉफ्टवेअरने स्वतःच्या पोटात ठेवायला हवी आणि तिसरीचे नाव माणसाला विचारायला हवे. प्रत्यक्षात माणसासमोर येते ती दुसरी, म्हणजे जिच्याशी त्याला काहीच कर्तव्य नाही नेमकी ती. लिनक्सवरच्या जॅक या ध्वनिप्रणालीत तर हे अगदी उघडे दिसते. तिथे माइकच्या वाहिनीचे मूळ नाव 'सिस्टम:कॅप्चर_१' असे असते. ते चुकीचे नाही. यंत्राच्या बाजूने पाहिले तर तेच तिचे खरे वर्णन आहे.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लॉजिकमध्ये वाहिन्यांच्या नावांसाठी स्वतंत्र खिडकी आहे. तिथे यंत्राने दिलेले नाव ठेवायचे की आपण दिलेले, हे निवडता येते. रीपरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक इनपुटला टोपणनाव देता येते. क्यूबेसची मांडणी मला सगळ्यांत विचारपूर्वक केलेली वाटते: तिथे यंत्राच्या वाहिनीचे मूळ नाव आणि ती कशी दाखवायची ते नाव शेजारी शेजारी असतात, आणि त्यांच्या वर पुन्हा बस नावाचा थर असतो, ज्याला वापरणारा हवे ते नाव देतो. प्रो टूल्सच्या आय/ओ सेटअपमध्येही असेच नाव बदलता येते. पण ही प्रत्येक सोय त्या त्या सॉफ्टवेअरच्या कुंपणात राहते. क्यूबेसमध्ये दिलेली नावे रीपरला दिसत नाहीत, रीपरमधली इंटरफेसच्या स्वतःच्या नियंत्रण खिडकीला दिसत नाहीत, आणि त्या खिडकीत दिलेली नावे बहुतेक वेळा कोणालाच दिसत नाहीत. तेच आठ माइक, तेच यंत्र, तोच संगणक आणि नावे लिहायची तीन ठिकाणी. दुसऱ्या खेपेला माणूस कंटाळतो आणि पुन्हा आकड्यांवर येतो. ज्याला ही खिडकी असते हेच माहीत नाही त्याचे तर विचारूच नये. नवा ट्रॅक उघडताना कोणीही त्याला तिच्याकडे नेत नाही.

यावर अनुभवी माणसे म्हणतात की इनपुटला नाव कशाला, ट्रॅकला द्या. ट्रॅकचे नाव बदलणे दोन क्षणांचे काम आहे आणि शेवटी उरतो तो ट्रॅकच. सल्ला चांगला आहे आणि पाळावाही. प्रो टूल्समध्ये नाव न देता रेकॉर्डिंग सुरू केले तर फाइलला 'ऑडिओ १_०१' असे नाव पडते आणि नंतर ट्रॅकचे नाव बदलले तरी आधी नोंदलेल्या तुकड्याचे जुने नाव तसेच राहते; वर्षभराने ते फोल्डर उघडणाऱ्याला त्यातून काहीही कळत नाही. पण ट्रॅकच्या नावाने मूळ अडचण सुटत नाही. चूक होते ती ट्रॅक आणि इनपुट यांची गाठ मारताना. 'डग्गा' असे सुंदर नाव दिलेल्या ट्रॅकला मी इनपुट ३ जोडले काय आणि ५ जोडले काय, सॉफ्टवेअर दोन्ही सारख्याच शांतपणे स्वीकारते. उलट चुकीच्या जोडणीवर बरोबर नाव लिहिलेले असले की चूक अधिक काळ लपते. शिवाय एकाच इनपुटवरून एका दिवसात दहा ट्रॅक भरले जातात: पहिला प्रयत्न, दुसरा, अंतरा वेगळा, आलाप वेगळा. नाव उगमाला दिले तर ते दहाही ठिकाणी आपोआप उतरेल. ट्रॅकला दिले तर दहा वेळा लिहावे लागते, आणि दहाव्या वेळी ते लिहिले जात नाही.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. नावे शिळी होतात. काल इनपुट ५ ला 'बासरी' म्हटले, आज तिथे व्हायोलिन लावले आणि नाव बदलायचे राहिले, तर यादी खोटे बोलू लागते. आकडा निदान खोटे बोलत नाही. हे मान्य करायलाच हवे, आणि शिळे नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट, हेही. पण हा आक्षेप खाच आणि आवाज यांना एकच धरल्यामुळे उभा राहतो. इमारतीत खोलीला क्रमांक असतो आणि दारावर राहणाऱ्याच्या नावाची पाटीही असते. भाडेकरू बदलला की पाटी बदलते, क्रमांक तोच राहतो. तसेच खाचेची छापील खूण यंत्राबरोबर कायम राहावी आणि आवाजाचे नाव त्या दिवसाच्या कामाबरोबर, ज्याला सेशन म्हणतात त्याच्याबरोबर, जन्मावे आणि संपावे. यादीत दोन्ही दिसावीत: 'माइक ५, मागची बाजू: बासरी'. नवे सेशन उघडले की डावा भाग तसाच आणि उजवा कोरा. हे दोन भाग वेगळे न केल्याने काय होते ते प्रो टूल्सच्या एका पर्यायातून कळते. दुसऱ्याचे सेशन आपल्या संगणकावर उघडताना त्यातली इनपुट-आउटपुटची मांडणी आपल्या मांडणीवर चढवावी की नाही, असे तिथे विचारलेले असते. हो म्हटले तर आपल्या खाचांना परक्या स्टुडिओतली नावे पडतात. नाही म्हटले तर त्यांनी कळकळीने लिहिलेली नावे आपल्याकडे येत नाहीत. यातले काहीही निवडले तरी काही गमावते, कारण एकाच पेटाऱ्यात खोलीची माहिती आणि कामाची माहिती भरलेली आहे.

हे वेगळे करणे जमते याचा पुरावा शेजारच्याच क्षेत्रात आहे. चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या जागी आवाज घेणारा माणूस आपल्या रेकॉर्डरवर प्रत्येक वाहिनीला नाव देतो: बूम, नायिकेच्या कपड्यातला माइक, वडिलांच्या भूमिकेतल्या नटाचा माइक. ही नावे त्याच्या यंत्रात अडकून राहत नाहीत. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघाने, म्हणजे ईबीयूने, १९९७ साली ब्रॉडकास्ट वेव्ह हा फाइलचा प्रकार ठरवला आणि पुढे त्याला आयएक्सएमएल या माहितीच्या जोडपत्राची साथ मिळाली. त्यात कितव्या वाहिनीचे नाव काय, हे फाइलच्या आतच लिहिलेले असते. संकलनाच्या टेबलापर्यंत, तिथून अंतिम ध्वनिमिश्रणापर्यंत ते नाव फाइलबरोबर जाते. शेकडो दृश्ये, प्रत्येकाचे अनेक टेक आणि माणसे बदललेली, अशा कामात आकड्यांवर भागणार नाही हे त्या व्यवसायाने ओळखले. मोठ्या सभागृहांत आणि प्रसारण केंद्रांत वापरले जाणारे डांटे हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले जाळे आणखी पुढे गेले. त्यात जोडणीच मुळी नावाने होते: घेणारे यंत्र 'अमुक यंत्रावरची अमुक नावाची वाहिनी मला द्या' अशी मागणी नोंदवते. तिथे नावासाठी ३१ अक्षरे मिळतात, आणि यंत्राचे नाव कोणी बेफिकिरीने बदलले तर जोडणी तुटते. हा त्या पद्धतीचा दोष म्हणता येईल. पण त्यामुळे तिथली माणसे नावांकडे वायरीइतक्याच गांभीर्याने पाहतात, हेही खरे.

नाव द्यायचे ठरले तरी कोणते, हा प्रश्न राहतोच, आणि आपल्या संगीतात तो जास्त नाजूक आहे. तबल्याचेच पाहा. डावा आणि उजवा अशी नावे बरेच जण देतात. पण कोणाचा डावा? वादकाच्या उजव्या हाताखाली असलेला तबला समोर बसलेल्या श्रोत्याला डावीकडे दिसतो. मिश्रण करणारा श्रोत्याच्या बाजूने विचार करतो, माइक लावणारा अनेकदा वादकाच्या बाजूने. त्यात वादक डावखुरा असेल तर सगळेच उलटते. 'तबला' आणि 'डग्गा' अशी वस्तूंची नावे दिली की हा घोळ उरत नाही. दोन तानपुऱ्यांना मात्र वस्तूच्या नावाने वेगळे करता येत नाही; तिथे 'तानपुरा पंचम' आणि 'तानपुरा मध्यम' अशी, जशी जुळवणी असेल तशी, नावे उपयोगी पडतात, आणि दोन्ही एकाच स्वरात लावले असतील तर वाजवणाऱ्याच्या नावाने. कीर्तनात किंवा भजनी मंडळात टाळ दहा जणांच्या हातात असतात पण माइक एकच, तेव्हा नाव माइकच्या जागेचे द्यावे लागते. हे निर्णय कुठलेही सॉफ्टवेअर घेऊ शकणार नाही. ते आपोआप ओळखून नावे सुचवील अशी आशा काही जण बाळगतात. आवाज ओळखणारी तंत्रे आली आहेत आणि ती तबला आहे एवढे कदाचित सांगतीलही. पण एकाच तबल्यावर लावलेल्या दोन माइकपैकी शाईजवळचा कोणता आणि चाटीजवळचा कोणता, हे ज्याने ते लावले त्यानेच सांगायचे असते.

घरी बसून पॉडकास्ट किंवा श्राव्यपुस्तक करणाऱ्याला याचे काय, त्याच्याकडे तर दोनच खाचा असतात, असेही म्हटले जाते. खरे पाहता त्याची अडचण अधिक मोठी आहे, कारण त्याला साखळीची कल्पना नसते. इंटरफेसची वायर सैल झाली की संगणक निमूटपणे लॅपटॉपच्या अंगच्या माइकवर जातो. यादीत तोही इनपुट १ आणि हाही इनपुट १. पट्टे हलत असतात, लाटा उमटत असतात, सगळे ठीक दिसते. तासभराचे वाचन झाल्यावर हेडफोन लावला की त्यात पंख्याची घरघर आणि खोलीचा पोकळ प्रतिध्वनी ऐकू येतो. आणि ज्यांना दिसत नाही अशा ध्वनिमुद्रकांचा विचार तर या चर्चेत अभावानेच होतो. एनव्हीडीएसारखे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आणि रीपरसाठी बनवलेले ओसारा हे जोड-साधन वापरून अनेक अंध संगीतकार स्वतःचे ध्वनिमुद्रण स्वतः करतात. डोळस माणूस ट्रॅकचा रंग, त्याची जागा, लाटेचा आकार यांवरून चुकलेले ओळखू शकतो. कानाने यादी वाचणाऱ्याला 'इनपुट एक, इनपुट दोन, इनपुट तीन' अशी वीस नावे ऐकावी लागतात आणि त्यांतल्या एकातही त्याच्या कामाचा शब्द नसतो. त्याच्या दृष्टीने नाव हीच एकमेव खूण आहे.

आता उरतो खर्चाचा आणि कष्टाचा मुद्दा. तीन पक्षांनी एकत्र यायचे, नवे प्रमाण ठरवायचे, जुनी यंत्रे मोडीत काढायची, हे कोण करणार? पण एवढे करण्याची गरज नाही. यूएसबीच्या प्रमाणात वाहिनीच्या नावाची जागा १९९८ पासून आहे, एएसआयओमध्ये १९९७ पासून. यंत्र बनवणाऱ्याने तिथे 'इनपुट १' ऐवजी यंत्रावर छापलेली खूण आणि बाजू लिहिली तर खाचेचा प्रश्न सुटतो. त्यासाठी नवे सर्किट लागत नाही. आवाजाच्या नावासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने नवा ट्रॅक उघडण्याच्या खिडकीत इनपुटच्या शेजारी एक कोरी चौकट द्यावी, तिच्यात लिहिलेले ट्रॅकला आणि फाइललाही द्यावे आणि ब्रॉडकास्ट वेव्हच्या जोडपत्रात नोंदवावे. ही यंत्रे आणि सॉफ्टवेअरे विकत घेणाऱ्यांनी दुकानात आणि कंपन्यांच्या मदतकक्षांकडे हे मागितले पाहिजे. आवाजाच्या गुणवत्तेबद्दल ज्या आग्रहाने विचारतो त्याच आग्रहाने. आणि मागताना देवनागरीतले नाव पूर्ण मावते का, फाइलच्या नावात ते शाबूत राहते का, दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर त्याच्या जागी चौकोन दिसतात का, हेही तपासून मागावे. तोपर्यंत बैठकीआधी कागदावर आठ ओळी लिहून तो कागद इंटरफेसवरच चिकटवणे, प्रत्येक माइकवर एकदा हलकेच बोट वाजवून पडद्यावर कुठला पट्टा हलतो ते पाहणे, आणि नावातला फरक पहिल्या चार-पाच अक्षरांतच ठेवणे, म्हणजे अरुंद पट्टीत 'तानपुरा पंचम' आणि 'तानपुरा मध्यम' दोन्ही नुसतेच 'तानपु' दिसण्याऐवजी 'पंचम' आणि 'मध्यम' आधी दिसतील, एवढे तरी आजच्या आज करता येते.